जुलै-ऑगस्टमध्ये प्योंगयांग : पाऊस, परवानगी आणि कार्यक्रम

पुण्यातील एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा जुलैअखेरीस रजेवर येतो आणि ऑगस्टच्या मध्यानंतर परततो. तिघांनाही उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग एकदा पाहायची आहे, पण हे दिवस तिकडच्या ऐन पावसाळ्याचे आहेत. अशा वेळी सहलीचा विचका होईल का, आणि जायचे ठरवलेच तर कोणती काळजी घ्यावी? पूर्व आशियातील सहलींची आखणी करण्याचे आणि गटांबरोबर जाण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावर हे उत्तर देत आहे.

कोकणचा पाऊस पाहिलेल्या माणसाला तिथल्या पावसाचे भय वाटण्याचे कारण नाही. मात्र ज्या शहरात पाहुण्याला एकट्याने हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही, तिथे पावसाने कार्यक्रमाचा जो भाग बुडतो तो स्वतःच्या हिमतीवर भरून काढता येत नाही. म्हणून सहलीचा गाभा राजधानीतच ठेवावा, बाहेरगावचे दिवस कमी करावेत आणि परतीच्या वाटेवर चीनमध्ये मोकळे दिवस राखावेत, असे माझे मत आहे. पुढे जे लिहिले आहे ते या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

त्याआधी प्रवेशाचा प्रश्न. जानेवारी 2020 मध्ये करोनामुळे त्या देशाने सीमा बंद केल्या आणि त्यानंतर पर्यटन पूर्वीसारखे सुरू झाले, असे आजवर म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2024 पासून रशियन गटांना प्रवेश मिळू लागला. फेब्रुवारी 2025 मध्ये ईशान्येचा रासोन भाग पाश्चात्त्य प्रवाशांना उघडला आणि काही आठवड्यांतच पुन्हा बंद झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्योंगयांगच्या मॅरेथॉनसाठी विदेशी धावपटू आले, तर जुलैत वोन्सान-काल्मा हे समुद्रकिनाऱ्यावरचे नवे पर्यटन केंद्र सुरू झाले. दार असे किलकिले होते आणि लोटले जाते. त्यामुळे सहल आखणाऱ्या एजन्सीने तारखा कळवल्या म्हणून लगेच विमानाची तिकिटे काढू नयेत. परवानगीचा कागद निघाल्याची खात्री झाल्यावरच, आणि तीही रद्द करता येतील अशीच तिकिटे काढावीत. प्योंगयांगमधील भारतीय दूतावास 2021 च्या जुलैत बंद झाला होता आणि 2024 च्या अखेरीस कर्मचारी तिथे परतू लागले. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना वाचणे आणि दूतावासाला आपल्या तारखा कळवणे अगत्याचे आहे.

मुलाच्या बाबतीत एक वेगळी तपासणी आवश्यक आहे. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर 1 सप्टेंबर 2017 पासून अमेरिकन पासपोर्ट उत्तर कोरियाच्या प्रवासासाठी वैध धरला जात नाही, आणि ही बंदी पुढे वेळोवेळी वाढवली गेली आहे. तेव्हा त्याला येता येणार नाही, हे प्रथमच समजून घ्यावे. तो भारतीय पासपोर्टवरच असेल तर अडचण येत नाही, परंतु अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतील प्रवासाची माहिती विचारली जाते, तिथे हा प्रवास न लपवता नोंदवावा लागेल. उत्तर कोरियाचा पर्यटन परवाना सहसा वेगळ्या कागदावर मिळतो आणि पासपोर्टवर शिक्का उमटत नाही, म्हणून कुणाला कळणार नाही, हा हिशेब करू नये. आपणा तिघांपैकी कुणी पत्रकारितेत असेल तर सामान्य सहलीवर प्रवेश मिळत नाही, तेही आधीच सांगावे.

आता पावसाविषयी. कोरियात जूनच्या उत्तरार्धात पावसाळी पट्टा दक्षिणेकडून वर सरकू लागतो. त्याला तिकडे चांगमा म्हणतात, आणि प्योंगयांगवर त्याचा जोर प्रामुख्याने जुलैत असतो. वर्षभरात तिथे साधारण 900 ते 950 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सुमारे निम्मा जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांत पडतो. एकट्या जुलैत 800 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईच्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण तिथला पाऊस आपल्याकडच्यासारखा दिवसेंदिवस रिपरिपत नाही. चार दिवस दमट, ढगाळ आणि घामट हवा असते, दुपारचे तापमान 28-29 अंशांपर्यंत जाते, आणि मग एका रात्रीत एवढा पाऊस कोसळतो की सकाळी तेदोंग नदी गढूळ होऊन काठोकाठ वाहताना दिसते. चांगमा ओसरल्यावर, म्हणजे ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरच्या आरंभी, वादळांची पाळी येते. 2020 मध्ये बावी, मेसाक आणि हायशेन ही तीन वादळे पंधरा दिवसांच्या आत त्या द्वीपकल्पावर येऊन आदळली होती.

नुकसान होते ते मुख्यतः राजधानीबाहेर. इंधनासाठी आणि शेतीसाठी डोंगरांवरची झाडे तोडली गेल्याने पाणी मुरत नाही, मातीसह थेट खाली येते, आणि रस्ता, लोहमार्ग व लहान पूल यांना त्याचा पहिला तडाखा बसतो. ऑगस्ट 2007 मधील पुरामुळे दोन्ही कोरियांच्या नेत्यांची ठरलेली शिखर भेट ऑगस्टअखेरीवरून ऑक्टोबरवर ढकलावी लागली होती. जुलै 2024 च्या अखेरीस चीनच्या सीमेवरच्या आम्नोक नदीला पूर येऊन सिनुइजू आणि उइजू या भागांत मोठी हानी झाली, आणि पंधरा हजारांच्या आसपास पूरग्रस्तांना तात्पुरत्या निवाऱ्यासाठी प्योंगयांगला हलवण्यात आले. सिनुइजू हेच सीमेपलीकडच्या चिनी शहरातून, दानदोंगहून येणाऱ्या आगगाडीचे पहिले कोरियन स्थानक आहे, ही गोष्ट मार्ग निवडताना विसरू नये. एरवी मी आगगाडीचीच शिफारस करतो, कारण खिडकीतून दिसणारी भातशेते आणि गावे हा त्या देशाचा सर्वांत मोकळा देखावा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र निदान परतीचा प्रवास तरी विमानाने ठेवावा. उत्तर कोरियाच्या सरकारी कोर्यो एअरलाइनच्या विमानांविषयी लोक साशंक असतात. युरोपीय संघाने 2006 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि 2010 मध्ये फक्त तुपोलेव्ह-204 विमानांपुरती ती सैल केली, एवढी वस्तुस्थिती सांगून निर्णय आपल्यावर सोडतो.

राजधानीच्या नियंत्रणाचे स्वरूप नीट ध्यानात आले की पावसाचा परिणामही कळतो. हे शहर परकीयांनाच नव्हे, तर स्वतःच्या नागरिकांनाही सहज खुले नाही. इतर प्रांतांतील माणसाला प्योंगयांगला येण्यासाठी परवाना लागतो, शहराच्या वेशींवर तपासणी नाकी असतात, आणि इथे राहायला मिळणे हा विशेषाधिकार समजला जातो. पाहुण्याबरोबर विमानतळापासून विमानतळापर्यंत सहसा दोन गाईड आणि एक चालक असतात. भेटीची प्रत्येक जागा आगाऊ कळवलेली असते आणि त्या त्या ठिकाणी स्थानिक माहितगार आपली वाट पाहत असतो. पाऊस आला म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानात शिरलो, हा प्रकार इथे संभवत नाही. एखादी जागा बदलायची तर गाईडला वर विचारावे लागते, दुसऱ्या ठिकाणी निरोप द्यावा लागतो, आणि त्या बदलाची जबाबदारी त्याच्या नावावर जमा होते. पाहुणा नियम मोडतो तेव्हाही जाब प्रथम गाईडलाच विचारला जातो. ही माणसे उत्तम शिकलेली, विनोद कळणारी आणि बहुधा मनापासून आतिथ्य करणारी असतात. पावसाने खोळंबलेल्या दुपारी त्यांच्याशी हुज्जत घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि त्यातून त्यांना काही लाभ झाल्याचे पाहिलेले नाही.

म्हणून पर्याय निघण्याआधीच लिहून द्यावेत. एजन्सीशी पत्रव्यवहार करतानाच कळवावे की मोरान टेकडीवरचा फेरफटका, नदीकाठची पायपीट, मान्ग्योंगदे येथील, देशाचे संस्थापक नेते किम इल-सुंग यांचे जन्मघर यांपैकी जे पावसाने बुडेल त्याच्या जागी अमुक एक ठिकाण मिळावे. छताखालच्या जागा शहरात पुष्कळ आहेत. 1973 पासून चालणारी भूमिगत रेल्वे शंभर मीटरांहून अधिक खोल आहे, आणि तिची पुहुंग व योंगग्वांग ही स्थानके झुंबरे आणि भिंतींवरची मोझेक चित्रे यांसाठी मुद्दाम दाखवली जातात. दोन स्थानकांवर समाधान न मानता पाच-सहा स्थानकांची फेरी मागावी, ती बऱ्याचदा मिळते. 1982 चे जनअध्ययन भवन म्हणजे मोठे सार्वजनिक ग्रंथालय, 2013 मध्ये नव्याने बांधलेले युद्धसंग्रहालय, सुक बेटावरचे विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र आणि ग्वांगबोक रस्त्यावरचे मोठे दुकान ही सर्व ठिकाणे पावसात चालतात. या दुकानात स्थानिक चलन बदलून घेऊन शहरवासीयांबरोबर रांगेत उभे राहून खरेदी करता येते, म्हणून दोन स्मारके गाळावी लागली तरी ते गाळू नये. युद्धसंग्रहालयाच्या आवारात पोतोंग नदीवर उभे असलेले, 1968 मध्ये पकडलेले अमेरिकेचे प्वेब्लो जहाज मात्र उघड्यावर आहे आणि ओल्या पत्र्यावर पाय घसरतो.

तेदोंगच्या रुंगरा बेटावरचे मे दिन स्टेडियम 1989 चे आहे आणि सामुदायिक कवायतींचा प्रचंड कार्यक्रम ज्या वर्षी होतो त्या वर्षी तिथेच होतो. 2019 मध्ये तो जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालला होता आणि सर्वांत स्वस्त तिकीट 100 युरोंचे होते. मैदान उघडे असल्यामुळे जोराच्या पावसात प्रयोग रद्द होऊ शकतो. म्हणून तो मुक्कामाच्या पहिल्या शक्य संध्याकाळी मागावा, म्हणजे बुडाला तर पुढची संध्याकाळ हाताशी राहते.

छायाचित्रांचा नियम पावसाळ्यात अधिक जाचक ठरतो, आणि याकडे बहुतेक प्रवाशांचे लक्ष नसते. सैनिक, तपासणी नाकी, बांधकामे आणि अंगमेहनतीची कामे करणारी माणसे यांचे फोटो काढू नयेत, हे नेहमीचेच आहे. पण जोराचा पाऊस झाला की साचलेले पाणी काढणारे रहिवासी, खचलेली रस्त्याची कड सावरणाऱ्या सैनिकांच्या तुकड्या, मातीच्या पाट्या वाहणारे लोक हेच नेमके सगळीकडे दिसू लागतात. आपल्याकडे पुराचा फोटो काढणे ही सहज प्रतिक्रिया आहे, तिथे तोच फोटो सीमेवर कॅमेरा तपासताना अडचणीचा होतो. पाणी तुंबलेले दिसले की कॅमेरा खाली ठेवावा आणि बसमधून काहीही टिपण्याआधी विचारावे. नेत्यांच्या पुतळ्यांचे फोटो पूर्ण आकृतीचेच काढावेत, हातपाय किंवा डोके कापलेले चालत नाहीत. नेत्याचे छायाचित्र छापलेले वर्तमानपत्र डोक्यावर धरून पावसातून पळत जाणे ही तिथे गंभीर गोष्ट ठरेल. ते घडी पडेल असे दुमडूही नये आणि त्यात ओले बूट तर मुळीच गुंडाळू नयेत. हा इशारा उगीच घाबरवण्यासाठी दिलेला नाही. 2016 मध्ये ऑटो वॉर्मबियर या अमेरिकन विद्यार्थ्याला हॉटेलमधील प्रचारफलक काढण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी तो बेशुद्धावस्थेत मायदेशी आणला गेला आणि काही दिवसांतच मरण पावला.

पोशाखाचा प्रश्न कुमसुसान येथील समाधी-प्रासादामुळे येतो. किम इल-सुंग आणि त्यांचे पुत्र व वारस किम जाँग-इल यांचे देह तिथे जतन केलेले आहेत. विदेशी पाहुण्यांना सहसा गुरुवारी आणि रविवारी प्रवेश असतो. जीन्स, टी-शर्ट, चपला आणि सँडल चालत नाहीत. आत शिरताना बुटांचे तळ फिरत्या ब्रशांवरून स्वच्छ होतात, फोन-कॅमेरा जमा करावा लागतो, आणि लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवरून पुढे जाऊन प्रत्येक देहासमोर पायांकडून आणि दोन्ही बाजूंनी कमरेत वाकावे लागते, डोक्याच्या बाजूने नाही. पावसाळ्यात यासाठी पुरुषांनी एक कोरी पँट आणि चामड्याच्या बुटांचा एक जोड केवळ त्या सकाळीसाठी वेगळा ठेवावा. स्त्रियांना साडी उत्तम चालते, आणि तिचे तिकडे कौतुकही होते, पण ओल्या फरशीवर ती सावरणे अवघड जाते, म्हणून साधा सलवार-कुर्ता आणि बंद पादत्राणे अधिक सोयीची. मान्सुदे टेकडीवरच्या या दोघांच्या कांस्य पुतळ्यांसमोर ओळीत उभे राहून वंदन करण्याचा विधी पावसातही टळत नाही. छत्री कुठे मिटायची हे गाईडला आधीच विचारावे आणि साध्या, गडद रंगाचा रेनकोट जवळ बाळगावा. ज्याला हे वाकणे मनापासून नकोसे आहे, त्याने ही सहलच करू नये. तिथे जाऊन तत्त्वाचा मुद्दा काढल्यास त्याची किंमत गाईड मोजतो.

बाहेरगावांपैकी म्योह्यांग पर्वतातील आंतरराष्ट्रीय मैत्री प्रदर्शन हे पावसाळ्यातही तग धरणारे ठिकाण आहे, कारण नेत्यांना मिळालेल्या भेटवस्तूंची ती दालने पूर्णपणे बंदिस्त आहेत. प्रश्न असतो तो वाटेवरच्या सुमारे दीडशे किलोमीटरांचा. दक्षिण कोरियाच्या सीमेलगतचे केसोंग आणि युद्धबंदीचा करार जिथे झाला ते पानमुन्जोम यांबाबत मी अधिक सावध आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये उत्तरेने दक्षिणेकडे जाणारे रस्त्यांचे तुकडे स्फोटाने उडवले आणि सीमेवरची स्थिती तेव्हापासून तणावाचीच आहे, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत ते नाव छापलेले असले तरी गृहीत धरू नये. जायला मिळाले तर मराठी माणसाला तिथे एक जवळचा धागा सापडतो. 1953 मध्ये कोरियन युद्धात युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या वीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे देण्यात आला होता, आणि जनरल थिमय्या अध्यक्ष असलेल्या तटस्थ आयोगाच्या हाताखाली त्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांनी केले. उत्तरेकडच्या गाईडला हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. कैद्यांच्या प्रश्नावर त्यांची अधिकृत भूमिका वेगळी असल्याने तो विषय तिथे न काढता मनात ठेवलेला बरा.

आपल्या तारखांत श्रावण येतो आणि घरात कुणी तो पाळत असेल तर जेवणाची व्यवस्था लेखी मागावी. शाकाहार ही कल्पना तिथे समजते, पण मटणाचा तुकडा काढून घेतला की पदार्थ शाकाहारी झाला, असाही समज आढळतो. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो आणि प्योंगयांगची प्रसिद्ध थंड शेवई मांसाच्या रश्श्यातच येते. भात, टोफू, मोड आलेली कडधान्ये, बटाटा, काकडी आणि अंडी चालत असतील तर अंडी, एवढ्यावर आठवडा निघतो. सोबत चटणी, मेतकूट आणि भाजणीसारखे कोरडे पदार्थ घट्ट डब्यात न्यावेत. कोरियन पंचांगातील उन्हाळ्याचे तीन अतितप्त दिवस याच काळात येतात आणि त्या दिवसांत कुत्र्याच्या मांसाचे सूप खाण्याची जुनी चाल आहे. तिकडे त्याला तानगोगी म्हणतात. ते कुणी लादत नाही, पण सूप समोर आले की विचारून घ्यावे.

आरोग्याची तयारी आपल्याकडच्या पावसाळ्याइतकीच, मात्र औषधे सगळी सोबत हवीत, कारण तिथे आपल्या दुकानदाराकडची गोळी मिळणार नाही. पाणी बाटलीबंदच प्यावे. देशाच्या दक्षिणेकडच्या भागांत उन्हाळ्यात व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया आढळतो, म्हणून डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. प्रवास विमा त्या देशाला लागू होतो का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण अनेक पॉलिसींत तो वगळलेला असतो. कार्ड कुठेही चालत नाही. युरो किंवा युआनच्या लहान आणि स्वच्छ नोटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात, कारण ओल्या, फाटक्या नोटा घेण्यास दुकानात कुरकुर होते. 2013 पासून फोन देशात नेऊ देतात, पण इंटरनेटची आशा धरू नये. पाऊस आणि विमानाचा विलंब या दोन्हींमुळे दोन दिवस आपला निरोप घरी पोहोचला नाही तरी कुणी घाबरू नये, असे नातेवाइकांना निघतानाच सांगून ठेवावे.

तारखांची निवड आपल्या हातात थोडीच आहे. 8 जुलै ही किम इल-सुंग यांची पुण्यतिथी, त्या दिवशी शहर गंभीर असते, पण ती आपल्या तारखांआधीच होऊन जाते. 27 जुलैला युद्धबंदीचा वर्धापनदिन विजय दिवस म्हणून साजरा होतो. 15 ऑगस्ट हा आपल्यासारखाच त्यांचाही स्वातंत्र्याचा दिवस आहे, कारण 1945 मध्ये त्याच तारखेला जपानची सत्ता संपली. त्या दिवशी चौकांत सामूहिक नृत्य आणि उद्यानांत सहलीला आलेली कुटुंबे पाहायला मिळण्याची शक्यता असते, आणि थोडी उघडीप मिळाली तर शहराचे ते सर्वांत मोकळे रूप असते. म्हणून आपल्या रजेत मी 11 ते 16 ऑगस्ट हा काळ निवडेन, पाच रात्रींपैकी किमान चार प्योंगयांगमध्येच ठेवीन, आणि हॉटेल निवडता आले तर यांगगाक बेटावरच्या 47 मजली हॉटेलऐवजी रेल्वे स्थानकाजवळचे कोर्यो हॉटेल मागेन. बेटावर मोकळ्या हवेत फिरायची मुभा हा त्या हॉटेलचा मोठा गुण आहे, पण तो कोरड्या दिवसांतच उपयोगी पडतो. कोर्योच्या खिडकीतून पावसातही रस्त्यावरची ये-जा दिसत राहते.

परतीसाठी चीनचा व्हिसा दोन प्रवेशांचा हवा आणि त्याची मुदत ठरलेल्या तारखेपुढे आठवडाभर तरी शिल्लक असावी. एका प्रवेशाच्या व्हिसावर प्योंगयांगहून निघणारे विमान आपल्याला घेणारच नाही. बीजिंगहून मुंबईचे विमान प्योंगयांगहून उतरण्याच्या दिवशी नसावे, निदान दोन दिवसांनंतरचे असावे. मुलाचे अमेरिकेचे तिकीट तर त्याहूनही पुढचे काढावे, किंवा त्याने मुंबईला न परतता बीजिंगहूनच अमेरिकेला जावे, म्हणजे पावसाने विमान एक दिवस अडकले तरी त्याची रजा पुरेल.